लाल कापडातली साखर

माझा सगळा जन्म साखरेत गेला असं सांगितलं की कोल्हापूरचा माणूस लगेच खुर्ची पुढे सरकवतो. "कुठल्या कारखान्यात होता?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कारखान्यात नव्हतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत साखर तयार करत होतो, असं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. साखरेच्या टंचाईच्या दिवसांत तर एका शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडे पोतंभर साखर मागितली होती. माझ्या अख्ख्या प्रयोगशाळेत मिळून एका कपाला पुरेल एवढीच साखर आहे, आणि तीही चहात घातली तर चहा बहुधा कडू होईल, हे मी त्यांना खरं खरं सांगितलं. त्यांनी मला लग्नाचं आमंत्रण दिलं नाही.

आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी गळ घातली, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा." या अटीचा दुसरा भाग अवघड आहे. पस्तीस वर्षं संसार करून माझी पत्नी अजूनही पाहुण्यांना सांगते, "हे कसलंतरी पांढरं करायचे." तरी प्रयत्न करतो.

चहातली साखर ही साखरेच्या मोठ्या खटल्यातली फक्त एक जाऊबाई. निसर्गात साखरेच्या किती तरी जाती आहेत, आणि त्यातल्या काही जंतूंच्या अंगावर असतात. जंतूच्या बाहेरच्या कवचावर साखरेच्या लहान लहान माळा लोंबत असतात. आपलं शरीर जंतूला ओळखतं ते पुष्कळदा या माळांवरून. एकदा ओळख पटली की रक्तात त्या माळेला पकडणारे पहारेकरी तयार होतात. आजारी माणसाच्या रक्तात कुठले पहारेकरी आहेत हे कळलं, तर ताप कुठल्या जंतूचा हेही कळतं. पण त्यासाठी ती माळ शुद्ध स्वरूपात हातात पाहिजे. जंतूच्या अंगावरून ओरबाडून काढलेली माळ कधीच एकटी येत नाही, तिच्याबरोबर इतर गाळसाळ येतो. म्हणून ती काचेच्या चंबूत, एकेक मणी जोडून, आपण स्वतः बांधायची. हा आमचा धंदा.

मणी जोडणं म्हणजे गाठ मारणं नव्हे. दोन साखरा जोडताना सांधा दोन प्रकारे बसू शकतो, वरच्या बाजूने किंवा खालच्या बाजूने. तुमचा हात पुढे करा. तळवा वर असला तर त्यावर प्रसाद ठेवता येतो, खाली असला तर प्रसाद सांडतो. हात तोच. साखरेचंही तसंच आहे. मणी तेच, क्रम तोच, पण सांधा खालून बसला तर रक्तातला पहारेकरी त्या माळेकडे ढुंकूनही बघत नाही. आम्हाला हवा असलेला सांधा वरचा होता, आणि त्या साखरेचा स्वभाव खालून जुळायचा. तिच्या मनाविरुद्ध तिला वरून जुळवायचं, यात माझे केस गेले.

त्यावर त्या काळी एक उपाय होता, चांदीचा. साखरेच्या ज्या जागी सांधा व्हायचा तिथे आधी ब्रोमीन लावून ठेवायचं. ते खालच्या बाजूला लोंबतं. मग चंबूत चांदीच्या क्षाराची पूड टाकायची. चांदीला ब्रोमीनचं भारी वेड. ती त्याला खालून धरते. खालची बाजू अशी अडवली गेली की दुसऱ्या साखरेला आत शिरायला वरचीच वाट उरते. वाचायला किती सोपं वाटतं! पण चांदीची पूड ताजी पाहिजे, चंबूत ओलाव्याचा लवलेश नको आणि उजेड तर अजिबात नको, कारण उजेडात चांदीचा क्षार काळवंडून निकामी होतो. म्हणून चंबू काळ्या कापडात गुंडाळायचा. ओलाव्याचं म्हणाल तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत वह्यांना बुरशी यायची. त्यामुळे असली नाजूक कामं आम्ही नवरात्रापर्यंत राखून ठेवायचो. हवा कोरडी व्हायची, कॉलेजला सुट्टी लागायची, आणि चंबू चार-पाच दिवस कुणी न हलवता फिरत राहायचा. ही आमच्या प्रयोगशाळेची रीतच पडली होती.

दुसरी पीडा म्हणजे पाक. आमची साखर शेवटी स्फटिक होऊन बसावी अशी अपेक्षा असते, आणि ती महिनोन्‌महिने चिकट पाक होऊन राहते. एकदा वैतागून मी असा पाक बाटलीत घेऊन पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर गेलो. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या गूळ बसवणारी माणसं, काहीतरी सांगतील. गुळव्याने बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "पावणं, आमचा गूळ न्हाय बसला तर आमी काकवी म्हणून इकतो. तुमीबी इका की." एवढंच ज्ञान आणि वर गरम काकवीचा पेला घेऊन मी परतलो. काकवी मात्र उत्तम होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जमीला माझ्याकडे संशोधनाला आली. कुरुंदवाडची. वडील बाबूभाई भांड्यांना कलई लावायचे. मुलीला सोडायला ते स्वतः आले होते, हातापायांवर नवसागराच्या धुराचा वास घेऊन. जमीलाला मी विचारलं, हाच विषय का? ती म्हणाली, "सर, माझ्या धाकट्या भावाला लहानपणी मोठा ताप आला. एका डॉक्टरांनी एक नाव सांगितलं, दुसऱ्यांनी दुसरं. ताप कसला ते कळेपर्यंत त्याचे कान गेले." हे तिने रडत नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मिरजेचे एक डॉक्टर याच जातकुळीतल्या तापाच्या रक्ततपासणीवर काम करत होते, आणि त्यांना आमच्या माळेचा तुकडा हवा होता, वरच्या सांध्याचा. जमीलाने तोच तुकडा मागून घेतला.

बाबूभाईंनी जाताना प्रयोगशाळेभर एक नजर फिरवली आणि मला म्हणाले, "मास्तर, एक इचारू का? भांड्याला कलई चांगली बसली का न्हाय, ते त्यात तोंड दिसलं की कळतंय. तुमच्या ह्या कामात शेवटाला काय दिसतंय?"

मी त्यांना काहीतरी शास्त्रीय उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही, त्यांना कसं पटणार?

जमीलाचा हात फार चांगला होता. आमच्या धंद्यात हाताला महत्त्व आहे, ते डोक्याच्या माणसांना पटत नाही. दोन अर्धे तुकडे वेगवेगळे तयार करायलाच तिची अडीच-तीन वर्षं गेली. उरला होता तो शेवटचा सांधा. त्याच्यासाठी चांदी हवी होती, आणि परदेशी बनावटीचा चांदीचा क्षार मागवायचा तर कागदपत्रांतच म्हातारं व्हायची वेळ. आम्ही गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, थोडी चांदी आणून क्षार प्रयोगशाळेतच करू लागलो. ही बातमी गुजरीत कशी पसरली कोण जाणे, एके सकाळी दारात एक गृहस्थ उभे. डोक्याला मुंडासं, काखेत घमेलं.

"गणपा झारेकरी," त्यांनी आपलं नाव सांगितलं. "सायेब, तुमच्या मोरीतला गाळ घिऊ द्या की."

झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर आणि मोरीतला गाळ विकत घेऊन, तो धुऊन, त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारे लोक. गणपाच्या मते जिथे चांदी शिरते तिथे तिची धूळ मोरीत जातेच, मग ते दुकान असो की कॉलेज. मी त्यांना सांगितलं की आमच्या मोरीत चांदीबरोबर असं काय काय जातं की ते धुताना त्यांचे हात जळतील. ते म्हणाले, "हात जळाया नवं न्हाईत." मग एक तोड निघाली. मोरीचा नाद त्यांनी सोडायचा, आणि आमच्या जुन्या प्रयोगांतला चांदीचा साका, म्हणजे तळाशी बसलेला काळा गाळ, आम्ही बाटल्यांत साठवून त्यांना द्यायचा. त्यांनी आटवून चांदी काढायची. निम्मी त्यांची, निम्मी आमची. कॉलेजच्या कार्यालयाला असला करार समजावून सांगताना माझी जी शोभा झाली ती इथे लिहीत नाही. पण गणपा शब्दाचे पक्के निघाले. काही महिन्यांनी चांदीची गोळी हातावर ठेवून गेले. तोवर मात्र तिचा उपयोग संपला होता. त्याचं असं झालं.

त्या वर्षी नवरात्रात, गुजरीतून आणलेली होती नव्हती ती चांदी वापरून, जमीलाने शेवटचा सांधा जोडायला घेतला. चंबू भरला, तोंडाशी ओलावा शोषणारी नळी लावली, काळं कापड गुंडाळलं, खालचं फिरतं यंत्र सुरू केलं आणि ती सुट्टीला कुरुंदवाडला गेली. मी दसऱ्याला गावी, गडहिंग्लजला गेलो. प्रयोगशाळेत आमचे सदूमामा. सदूमामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, माझ्याआधीपासूनचे. त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत कधी काही फुटलं नाही, आणि त्यांना न विचारता कुणी टेबल पुसलं तर ते दोन दिवस बोलत नसत.

दसरा झाल्यावर चंबू उघडला. सगळं साफ करून साखर काढली. अंधाऱ्या खोलीत आमचा पोलॅरिमीटर होता. पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात साखरेचं द्रावण धरलं की ती प्रकाशाला उजवीकडे वळवते की डावीकडे, हे त्यातून दिसतं. वरचा सांधा असता तर डावीकडे झुकायला हवं होतं. झुकलं उजवीकडे. तरी आशा सुटत नाही. आम्ही नमुना मोठ्या शहरातल्या एका संस्थेत पाठवला, तिथे रेणूची रचना दाखवणारं मोठं चुंबकी यंत्र होतं. पाळी लागायला महिने गेले. उत्तर आलं. सांधा खालचा.

मी जमीलाला समजावलं की खालच्या सांध्यावरही प्रबंध होतो, पदवी मिळते, पुष्कळांनी घेतली आहे. ती म्हणाली, "सर, जंतूच्या अंगावर तो सांधा वर आहे. खालचा घेऊन मी मिरजेला काय तोंड दाखवू?" मला राग आला. तिचा नव्हे, कारण तिचं बरोबर होतं. पण राग कुणाचा तरी यायलाच हवा होता. यंत्रानेच पद्धत नापास केली म्हटल्यावर पुन्हा करून बघू म्हणायला आम्हा दोघांनाही तोंड नव्हतं. उन्हाळ्यात तिची शिष्यवृत्ती संपली आणि ती कुरुंदवाडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. बाबूभाई बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "पोरीची साखर काय बसंना झाली, व्हय मास्तर?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धीर मी द्यायचा, तो मलाच मिळाला.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. आई कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आलेली होती म्हणून मी गावी गेलो नव्हतो. सदूमामांची पूजा मी त्यापूर्वी कधी पाहिलीच नव्हती. खंडेनवमीला शेतकरी औत पुजतो, गवंडी थापी पुजतो, तसे सदूमामा प्रयोगशाळा पुजायचे. तराजू, भट्टी, पोलॅरिमीटर, सगळं पुसून पूर्वेच्या खिडकीखालच्या टेबलावर किंवा आपापल्या जागी ओळीने मांडलेलं, प्रत्येकाला गंध आणि झेंडूचं फूल. त्याच सकाळी जमीला आली. कपाटाची किल्ली परत करायला. कपाटात तिने केलेल्या दोन अर्ध्या तुकड्यांच्या उरलेल्या बाटल्या होत्या, त्या नव्या मुलांना द्याव्यात असं तिचं म्हणणं होतं. किल्ली माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"जमिलाबाई आल्या व्हय!" सदूमामा खुशीत म्हणाले. "बरं झालं. थांबा, परसाद घिऊन जावा."

टेबलावर एका नव्या मुलाचा चंबू फिरत होता, काळ्या कापडात. सदूमामा त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी कापडाची गाठ सोडायला घेतली.

"मामा, काढू नका!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

सदूमामांचा हात थांबला. ते आमच्याकडे बघत राहिले, जरा दुखावून. "सणासुदीचं पुजंला बसवायचं, आन्‌ वर काळं फडकं? बरं दिसतंय का सर? दसरा झाला की परत गुंडाळतो की. फिरतं बंद करत न्हाय मी. गेल्या सालीबी असंच केलतं. जमिलाबाईंचाच चंबू हुता. खिडकीत बसवलावता, काय झळाळत हुता उन्हात!"

मी खुर्चीत बसलो. वर्षभर ज्या पद्धतीला आम्ही दोष देत होतो ती पद्धत दोन दिवस कोल्हापूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, गळ्यात झेंडूची माळ घालून बसली होती! चांदी काळवंडून गेली असणार, तिने खालची बाजू सोडून दिली असणार, आणि साखर आपल्या स्वभावावर गेली असणार. चांदी वापरलेला चंबू शेवटी तसाही काळाच होतो, त्यामुळे उघडल्यावर शंका यायचं कारण नव्हतं. नेमकं काय घडलं हे आजही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्या क्षणी सदूमामांना जे बोलावंसं वाटत होतं ते खंडेनवमीला बोलण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात जमीला हसायला लागली. मोठ्याने, ओढणी तोंडावर धरून, वाकून वाकून हसली. मग लक्षात आलं की ती रडतेही आहे. "सर," ती म्हणाली, "म्हणजे माझी पद्धत चुकली नव्हती!"

सदूमामांना जेव्हा सगळा उलगडा झाला तेव्हा ते पूजेच्या टेबलापाशीच मटकन खाली बसले. "बाई, मी तुमचं वाटुळं केलं," एवढंच रडत रडत म्हणत राहिले. जमीला त्यांच्यासमोर बसली. "मामा, तुम्ही आज सांगितलं नसतं तर वाटोळं झालं असतं. उठा आता. चांदी कुठाय?"

चांदी होती. गणपा झारेकऱ्यांची गोळी माझ्या खणात पडून होती. जमीलाने माझ्या हातातली किल्ली परत घेतली, स्वतःच. त्याच दुपारी तिने गोळी आम्लात विरघळवली, फिकट पिवळा क्षार तयार करून, धुऊन, अंधारात सुकायला ठेवला. कुरुंदवाडला निरोप गेला की जमीला दसऱ्यानंतर येईल.

दसऱ्याच्या सकाळी चंबू भरून तयार झाला, चांदी तेवढी घालायची राहिली होती. जमीला काळं कापड घेऊन आली, आणि सदूमामा आडवे आले. आदल्या दिवशी रडलेला माणूस, पण या मुद्द्यावर हटायला तयार नाही. "आज सीमोल्लंघनाचं काम हाय. काळ्यात न्हाय सुरू करायचं. ह्या पोरीचं काम परत फसाया नगं."

मी तापलोच. म्हटलं, मामा, तुमच्या शुभाशुभापायी या मुलीचं एक वर्ष गेलं! ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "मग लाल चालंल का? माझ्या घरात ओटीचं लाल कापड हाय, जाड हाय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कॉलेजसमोरचा फोटोग्राफर डोळ्यांपुढे आला. त्याच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुताना लाल दिवा लावलेला असतो. फोटोच्या कागदावर चांदीचेच क्षार असतात, आणि तांबडा उजेड त्यांना बाधत नाही. सदूमामांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त सण सांभाळायचा होता आणि जमीलालाही सांभाळायचं होतं.

जमीला माझ्यासारखी नुसत्या विचारावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने दोन कागदांवर चांदीच्या क्षाराची चिमूट चिमूट ठेवली. एक चिमूट खिडकीत उघडी, दुसरी त्याच खिडकीत सदूमामांच्या लाल कापडाच्या घड्यांखाली. आम्ही तिघं चहा पीत बसलो. दुपारपर्यंत उघडी चिमूट करडी-काळी पडली. कापडाखालची होती तशीच फिकट पिवळी. जमीलाने चंबूत चांदी घातली, लगेच लाल कापड गुंडाळलं, वरून नीट दोरा बांधला, आणि खिडकीपासून लांब, कोपऱ्यात ठेवला. सदूमामांनी वर एक झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना आपट्याची पानं दिली आणि जमीलाला म्हणाले, "सोनं घ्या बाई, आन्‌ साखर बसू द्या."

ठरलेल्या दिवशी चंबू उघडला. साखर स्वच्छ करून तिचं द्रावण पोलॅरिमीटरच्या नळीत भरलं. अंधाऱ्या खोलीत पिवळा दिवा लावला. मी जमीलाला म्हटलं, तूच बघ. तिने डोळा लावला, चकती फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. मग बाजूला झाली. "सर, तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही." मी पाहिलं. प्रकाश डावीकडे वळला होता. पुन्हा पाहिलं, डावीकडेच. तिने सदूमामांनाही हाक मारली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "पिवळं दिसतंय." जमीलाने त्यांच्या पायांना हात लावला.

मोठ्या यंत्राचं उत्तर यथावकाश आलं, पण ते आम्हाला त्या खोलीतच कळलेलं होतं. प्रबंध झाला, पदवी झाली. जमीला पुढे दुसऱ्या शहरात प्राध्यापक झाली, तिच्या हाताखाली मुलं तयार झाली. तिच्या प्रयोगशाळेत चांदीचे चंबू लाल कापडात गुंडाळतात. का, म्हणून कुणी विचारलं की ती सांगते, "माझ्या मामांची पद्धत." मला एक खंत आहे. आम्ही आमचा निबंध लिहून छापून येईपर्यंत परदेशात तसाच सांधा अधिक सोप्या रीतीने जोडलेला छापून आला होता. ते वाया गेलेलं एक वर्ष हाती असतं तर, असं मनात येतं. कोल्हापूरची साखर म्हणून जगाने पहिल्यांदा आमची ती चिमूट पाहिली असती. असो. मागून आलो तरी स्वतःच्या पायांनी चालत आलो होतो, आणि आज तर त्याहून किती तरी मोठ्या माळा मुलं बांधतात. ते वाचलं की मला मनापासून आनंद होतो.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचा आहे तो मिरजेचा दिवस.

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं होतं. बाबूभाई धुतलेला सदरा घालून आले होते, धाकट्या मुलालाही घेऊन. हाच तो कान गेलेला मुलगा, आता चांगला मिसरूड फुटलेला, वडिलांबरोबर भाता चालवणारा. डॉक्टरांनी तीन काचेच्या नळ्या मांडल्या. तापातून उठलेल्या एका माणसाच्या रक्तातलं पाणी तिन्हींत घातलं. त्यात जंतूच्या कवचाचा अर्क घातला की पहारेकरी त्याला पकडतात आणि नळी गढूळ होते. पण आधीच आमची साखर घातली, आणि ती जर बरोबर असली, तर पहारेकरी तिलाच धरून बसतात, अर्कासाठी कुणी रिकामं उरत नाही, आणि नळी स्वच्छ राहते. पहिल्या नळीत साखर नव्हती. दुसरीत आमची खालच्या सांध्याची साखर. तिसरीत लाल कापडातली. मग तिन्हींत अर्क घातला.

आम्ही वाट बघत बसलो. जमीला उभीच होती. पहिली नळी दुधाळ झाली. थोड्या वेळाने दुसरीही झाली. तिसरीकडे बघायचं धाडस मला होईना. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तो चेहरा हळूहळू फुलला. त्यांनी तिसरी नळी उचलून जमीलाच्या हातात दिली.

"काय झालं?" बाबूभाईंनी विचारलं.

"काहीच झालं नाही अब्बा!" जमीला म्हणाली. "काहीच झालं नाही, तेच तर पाहिजे होतं."

बाबूभाईंना ते पटलं नसावं. त्यांनी तिच्या हातातून नळी घेतली, खिडकीपाशी गेले आणि कलई लावलेलं भांडं तपासतात तशी ती उजेडात धरून, एक डोळा बारीक करून पाहू लागले. जमीला खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, भावाला हातांच्या खुणांनी काहीतरी सांगत. तो हसत होता. बाबूभाई बराच वेळ नळीतून बघत राहिले. त्यांनी मला केलेला जुना प्रश्न मला आठवला. म्हटलं, "बाबूभाई, दिसतंय का काही?"

"दिसतंय की मास्तर," ते म्हणाले. नळी त्यांनी खाली केली नाही. "पोरगी दिसती."